तीन पाणी, एक टेंडर

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी विचारतात, "आयर्विनला किती?" १९२९ साली खुल्या झालेल्या, कृष्णेवरच्या त्या दगडी कमानींच्या पुलावरचे फूट साऱ्या गावाला पाठ आहेत. ४० ला इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५५ च्या आसपास. याच नदीच्या वरच्या अंगाला साताऱ्यात मात्र असा आकडा विचारायची सोय नाही. तिथलं पाणी मोजण्यापुरतं थांबतच नाही. अजिंक्यताऱ्याच्या अंगावरून येतं, पेठा ओलांडतं आणि तासाभरात चिखल ठेवून निघून जातं.

पाणी ओसरल्यावरची चर्चा दोन्ही गावांत सारखीच. नालेसफाई झाली नाही, पाइप लहान पडले, ठेकेदाराने हात मारला, निधी अडकला. यातलं बरंचसं खरं असतं. तरीही ही चर्चा मला उथळ वाटते, कारण सफाई चोख झाली, पाइप मोठे पडले आणि ठेकेदार देवमाणूस निघाला, तरी ही दोन्ही शहरं तुंबतील.

शहराच्या अंगावर पाणी तीन प्रकारचं येतं. घराघरांतलं मैलापाणी, गावात पडणारा पाऊस आणि बाहेरून चालून आलेला नदीचा पूर. उसाला पाणी देणारा शेतकरी पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी असा वेगळा हिशेब ठेवतो. आपल्या नगरपालिका आणि महापालिका मात्र तिन्ही पाण्यांना 'ड्रेनेज' या एका शब्दात कोंबतात, एका अंदाजपत्रकात मंजूर करतात आणि शेवटी एकाच चेंबरमध्ये मिसळू देतात. माझं म्हणणं असं की तिन्ही पाणी एकमेकांपासून तोडायची, आणि पावसाच्या पाण्याला पाइप देण्याआधी जमीन द्यायची. हे ठरल्याशिवाय घातलेला प्रत्येक पाइप पुढच्या तुंबण्याची तजवीज आहे.

१. गच्चीचा पाइप आणि आठ दिवसांचं सांडपाणी

आधी मोजमाप करू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, असं धरून आपल्याकडचे अभियंते गटारीचा आराखडा मांडतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. पाच जणांच्या घरातून दिवसाला ५४० लिटर.

आता त्याच घराची गच्ची बघा, हजार चौरस फुटांची. तासाला ५० मिलिमीटर असा जोराचा पाऊस झाला तर तिच्यावरून त्या तासात साडेचार हजार लिटरांहून जास्त पाणी खाली येतं. त्या कुटुंबाचं साधारण आठ दिवसांचं सांडपाणी एका तासात.

हे पाणी कुठे जातं? बांधकाम संपत आलेल्या कुठल्याही घराशी जाऊन उभे राहा. गच्चीवरून चार इंची पाइप भिंतीला धरून उतरतो. रस्त्याकडेला पावसाची गटार नसते, असली तर कचऱ्याने भरलेली असते. प्लंबर मागेपुढे बघतो आणि तो पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकतो. मालकाला बरं वाटतं, अंगण कोरडं राहतं. पाऊस सुरू झाला की चार गल्ल्या पलीकडे, सखल भागातल्या कुणाच्या तरी न्हाणीघरातून काळं पाणी वर येतं. ज्याच्या घरात येतं तो 'ड्रेनेज तुंबलं' अशी तक्रार नोंदवतो. वास्तविक तुंबलेलं काहीच नसतं. पाइप भरून वाहत असतो, फक्त त्याच्या ताकदीच्या कितीतरी पट पाणी त्याच्यात ओतलेलं असतं.

हिशेब थोडा मोठा करू. एका हेक्टरमध्ये दीडशे माणसं राहतात असं धरलं, तर सकाळच्या ऐन गर्दीच्या वेळीसुद्धा त्यांचं सांडपाणी सेकंदाला अर्ध्या लिटरच्या थोडंच वर जातं. त्याच हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ६० टक्के वाहून आला, तर सेकंदाला ८० लिटरांहून जास्त. जवळजवळ दीडशे पट. एकाच नळीने ही दोन्ही पाणी नेऊ म्हणणं म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीतून रेल्वे नेण्यासारखं आहे.

२. मोठा पाइप का चालत नाही

मग नळीच मोठी घाला, असं सभागृहात हमखास कुणीतरी म्हणतं. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण मैलापाण्याच्या गटारीत पाण्याला किमान वेग लागतो, सेकंदाला साधारण ०.६ मीटर. त्याखाली वेग गेला की गाळ आणि मैला तळाशी बसतो. पाइप गरजेपेक्षा मोठा असला की रोजचं थोडंसं पाणी त्याच्या बुडाशी पसरून रेंगाळतं. वर्षातले दहा-बारा दिवस पावसाला पुरावा म्हणून घातलेला पाइप उरलेले साडेतीनशे दिवस स्वतःच गाळाने भरत राहतो. मग जेटिंग मशीन येतं. ते पोहोचत नाही तिथे माणसाला उतरवायचा मोह होतो. २०१३ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे, आणि तरीही गटारीत गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या देशभरातून येत राहतात. पावसाचं पाणी मैल्याच्या गटारीत सोडणाऱ्या घरमालकाचा त्या मृत्यूंशी काही संबंध आहे, असं त्याला कुणी कधी सांगत नाही.

वेग मिळतो उतारातून, आणि उताराच्या बाबतीत सातारा आणि सांगली अगदी दोन टोकांवर आहेत.

सातारा डोंगराच्या कुशीतलं गाव. माची पेठेतून निघालेलं पाणी खाली वेण्णा-कृष्णेकडे आपल्या पायांनी चालत जातं. उताराचा उपयोग कसा करायचा हे या गावाला पूर्वी चांगलं माहीत होतं. यवतेश्वरच्या बाजूने खापरी नळांनी पाणी आणून हौद भरले जात, पुढे कासच्या तलावाचं पाणीही उतारानेच शहरात आलं. पंप नाही, वीज नाही, सगळं काम लेव्हलचं. पाणी आणण्याच्या या कौतुकाने जुनी कागदपत्रं भरलेली आहेत. ते पाणी वापरून झाल्यावर पुढे कुठे गेलं, याची नोंद ठेवावी असं मात्र फारसं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

सांगलीला हे सुख नाही. शहर नदीच्या मळईवर पसरलेलं आणि जमीन जवळजवळ सपाट. लहान व्यासाच्या गटारीला साधारण २५० मीटरला १ मीटर उतार लागतो, म्हणजे किलोमीटरला ४ मीटर. जमिनीला उतार नसेल तर तो खोदून मिळवावा लागतो. एक मीटर खोलीवर सुरू झालेली गटार दोन किलोमीटरवर नऊ मीटर खोल जाते. व्यास वाढला की उतार कमी चालतो हे खरं, तरी खोली वाढायची थांबत नाही. सांगलीच्या काळ्या मातीत नऊ मीटर चर खणून बघा. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि दोन्ही वेळा चराच्या भिंती आत येतात. म्हणून इथे ठरावीक अंतरावर पंपिंग स्टेशन अटळ आहे. याचा सरळ अर्थ असा की सांगलीची गटार वीजबिलावर चालते. पाइप घालायला अनुदान मिळतं, त्याचा नारळ फुटतो आणि फोटो निघतो. पंपाचं बिल दर महिन्याला येतं आणि त्याला नारळ नसतो. शामरावनगरसारख्या सखल वसाहतींनी वर्षानुवर्षं चिखलात काढलेले पावसाळे बघितले की कळतं, प्लॉट पाडताना इथे कुणी लेव्हल घेतलीच नव्हती.

३. नदी जेव्हा गटारीत शिरते

तिसरं पाणी सगळ्यांत दांडगं. सांगलीत वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कृष्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरात पाच हजारांहून जास्त. कऱ्हाडला कोयना तिच्यात येते. सांगलीच्या खालच्या अंगाला, हरिपूरला, वारणा मिळते आणि तीही फुगलेली असली की कृष्णेचं पाणी मागे दाबलं जातं. म्हणजे सांगली बुडते ती दुसऱ्यांच्या पावसाने. गावात ऊन पडलेलं असताना पाणी चढताना अनेकांनी पाहिलं आहे.

आता त्या वेळी गावातल्या पावसाळी गटारींचं काय होतं ते बघा. त्यांची तोंडं नदीत उघडतात. नदी तोंडाच्या वर गेली की गटारीतलं पाणी बाहेर पडत नाही, उलट नदीच आत येते. घाटावरून पाणी दिसायच्या आधी ते मागच्या गल्लीतल्या चेंबरमधून वर आलेलं असतं. सांगलीकर याला फुगवटा म्हणतात. या दिवसांत मोठा पाइप म्हणजे नदीला गावात यायला मोठा दरवाजा.

मुंबईला हे दुखणं शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तिथे गटारींची अनेक तोंडं, म्हणजे पातमुखं, भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणून २६ जुलै २००५ नंतर हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, गझदरबंध अशी पावसाळी पंपिंग केंद्रं उभी राहिली. दरवाजे लावायचे आणि आतलं पाणी उपसून समुद्रात टाकायचं. सांगलीतले लोक मुंबईचं नाव घेऊन तसलेच पंप मागतात. पण मुंबईची भरती सहा तासांत ओसरते. सांगलीची भरती आठवडाभर टिकते, कधी त्याहून जास्त. एवढे दिवस गावात पडणारं पाणी धरून ठेवायला आत जागा हवी. दरवाजा आणि पंप हवेतच, पण आत तळं नसेल तर पंप कोरडा तरी पडतो किंवा बुडतो तरी. त्या तळ्याच्या जागी आज प्लॉट आहेत.

४. शेरीनाला

तिन्ही पाणी मिसळली की काय होतं, ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. सांगलीतला शेरीनाला बघा. मूळचा पावसाळी नाला, त्यात शहराचं मैलापाणी सुटलं, आणि तो कृष्णेला मिळतो. हा प्रश्न सोडवण्यासाठी नाला अडवून ते पाणी पंपाने धुळगावकडे नेण्याची आणि शेतीला देण्याची योजना झाली. कल्पना वाईट नव्हती. जिल्ह्याचा पूर्वभाग पाण्याला आसुसलेला आहे आणि शहर पाणी फेकून देतंय, तर ते तिकडे न्यावं.

पण नाला अडवला म्हणून तो नाला असायचा थांबत नाही. पाऊस झाला की तो आपलं मूळ काम करू लागतो. मैल्याच्या हिशेबाने बसवलेले पंप पावसाचं पाणी कुठून उचलणार? बंधाऱ्यावरून सगळं नदीत. पंप बंद पडला किंवा वीज गेली, तरी तेच. बोलणारे शेरीनाल्याला अपयश म्हणतात आणि यंत्रणेला शिव्या घालतात. मला ते जागेच्या निवडीचं अपयश वाटतं. मैलापाणी उचलायचं ते घरापासून, स्वतंत्र गटारीने. नाल्याच्या तोंडाशी उभं राहून उचलायचं ठरवलं की पावसाळ्याचे चार महिने हरायची तयारी ठेवावी लागते.

२०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५ लाख २ हजारांच्या घरात होती. वरच्या हिशेबाने रोजचं सांडपाणी ५ कोटी ४० लाख लिटर. हे पाणी वर्षभर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने येतं. तिन्हींमधलं सगळ्यांत शहाणं पाणी हेच. त्याला पावसापासून आणि पुरापासून अलग ठेवलं तर शुद्ध करणं आणि विकणं दोन्ही जमण्यासारखं आहे.

५. ओढा कुणाचा

साताऱ्याकडे परत येऊ, कारण जागेचा प्रश्न तिथे जास्त नागडा दिसतो. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूर असे भाग शहरात आले. तोवर तिथे शोषखड्डे आणि सेप्टिक टँक होते, आणि डोंगरातून उतरणारे ओढे होते. भुयारी गटार योजना आता टप्प्याटप्प्याने येईल. त्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. ओढ्याची रुंदी किती?

नकाशात ओढा एका निळ्या रेघेने दाखवलेला असतो. रेघेला रुंदी नसते, म्हणून बांधकामाला काठापर्यंत जागा मिळते. मग कुणी संरक्षक भिंत घालून दोन फूट आत सरकतं, कुणी स्लॅब टाकून वर पार्किंग करतं, आणि शेवटी पालिका स्वतःच 'ओढा बंदिस्त करणे' असं काम काढते. या शेवटच्या कामाचं मला विशेष नवल वाटतं. ज्या ओढ्यात जेसीबी उतरून दोन दिवसांत गाळ काढता येत होता, त्याला आपण स्वखर्चाने झाकण लावतो आणि मग आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून कॅमेरा मागवतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते विसरायला नको. कात्रजच्या डोंगराकडून आलेल्या पाण्याने त्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक जीव घेतले. मोठी नदी नव्हे, धरण नव्हे, वर्षातले कित्येक महिने उडी मारून ओलांडता येईल असा ओढा. साताऱ्याचे ओढे त्याच जातीचे आहेत, अंगाने लहान आणि उताराने तीव्र.

जगातलं कुठलंही शहर पावसाळी गटारी सर्वांत मोठ्या पावसाच्या मापाने बांधत नाही. ते परवडतच नाही. नेहमीच्या जोराच्या पावसापुरती गटार बांधतात आणि त्यावरच्या पाण्याला वाट ठेवतात. ती वाट म्हणजे ओढा, त्याचे दोन्ही काठ आणि सखल मैदान. म्हणून आराखड्यात पहिला खर्च पाइपाचा नको, मोजणीचा हवा. ओढ्याची दोन्ही बाजूंची हद्द मोजून दगड लावावेत आणि सात-बाऱ्यावर तशी नोंद यावी. हे काम स्वस्त आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. त्यात टक्केवारी नाही आणि शत्रू फार.

हरकती

पहिली हरकत सांगलीत कुणीही घेईल: हे सगळं ठीक, पण खरं कारण अलमट्टी. नदीच्या मार्गाने दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या या धरणाची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर आहे, आणि ती ५२४ मीटरच्या वर नेण्याचा कर्नाटकचा मनसुबा आहे. चिंता रास्त आहे आणि त्या उंचीवाढीला विरोध करायलाच हवा. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र अलमट्टीवर थेट ठपका ठेवला नाही, आणि हा निष्कर्ष अनेक अभ्यासकांना अजून पटलेला नाही. तो वाद चालू राहू द्या. पण अलमट्टीने शामरावनगरचे प्लॉट पाडले नाहीत, आणि गच्चीचा पाइप चेंबरला जोडायला विजापूरहून प्लंबर आला नव्हता. जून महिन्यात, नदी तळाशी असताना, एका वळवाच्या सरीने मारुती चौकात पाणी साचतं तेव्हा अलमट्टी कुठे असते? परक्या राज्याकडे बोट दाखवण्यात एक सोय आहे. ते बोट दाखवत असताना आपल्या सभागृहात पूररेषेतल्या बांधकामांवर चर्चा होत नाही. २५ वर्षांच्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा, दोन्ही कागदावर आहेत. त्या पुसट करून मिळाव्यात म्हणून निवेदनं देणारेही पूरग्रस्तांच्या सभेत पुढच्या खुर्चीवर असतात.

दुसरी हरकत पैशाची. ती आता फारशी टिकत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने कृष्णा खोऱ्यातल्या पुरासाठी तीन हजार कोटींहून मोठा कार्यक्रम हाती घेतला आहे, आणि सांगलीतल्या पावसाळी पाण्याची कामं त्यात आहेत. काळजी पैसा कमी पडण्याची नाही. लेव्हल घेण्याआधी तो खर्ची पडेल, याची आहे.

तिसरी हरकत प्रामाणिक आहे आणि तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ओढ्यात घरं झालीत, त्यांतली पुष्कळशी गरिबांची आहेत. रेघ आखली की आधी त्यांच्याच झोपड्या उठतील आणि मंगल कार्यालयाची भिंत जागेवर राहील. आजवर असंच झालं आहे. माझं इतकंच म्हणणं की क्रम उलटा ठेवावा. आधी पालिकेने स्वतः ओढ्यांवर टाकलेले स्लॅब, मग व्यापारी बांधकामं, आणि राहती घरं सर्वांत शेवटी, तीही जवळच पर्यायी घर तयार झाल्यावर. सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटमधली कुटुंबं दर मोठ्या पुराला गाठोडी बांधून निवारा केंद्रात जातात. त्यांना कायमचं कोरडं घर देण्याचा खर्च आणि दर वेळच्या पंचनाम्याचा, मदतीचा, नुकसानीचा खर्च एकदा शेजारी शेजारी मांडून बघायला हवा.

पुराच्या पाण्यात मैला पातळ होतो, तेव्हा एवढी काय घाई, असंही ऐकायला मिळतं. पूर चार-दहा दिवसांचा असतो. बाकीच्या वर्षाचं काय? मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. नदीत वाहतं पाणी नसतं त्या दिवसांत साखर कारखान्यांची मळी आणि शहरांचं सांडपाणी हीच नदी होते. साताऱ्याचं माहुलीपाशी सोडलेलं पाणी पुढे कऱ्हाडला येतं, आणि दोन्ही गावांचं सांगली पितं.

आयर्विनचे फूट गटारीवर

एक सूचना करून थांबतो. ती कुठल्याही आराखड्यात मी वाचलेली नाही आणि तिला फार तर रंगाचे डबे लागतील. गवंडी भिंतीची लेव्हल घेताना पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. एका टोकाला पाणी जिथे उभं राहतं तिथेच दुसऱ्या टोकालाही. हेच काम आता यंत्राने गल्लीगल्लीत करता येतं. सांगलीतल्या प्रत्येक पातमुखाची आणि सखल भागातल्या प्रत्येक चेंबरच्या झाकणाची उंची मोजावी, नदीच्या पाण्याला असतो तेवढा उतार त्यात धरावा, आणि झाकणाशेजारच्या भिंतीवर ठळक पिवळ्या रंगात आयर्विनचे फूट लिहावेत. या झाकणातून नदी वर येईल: ३८. या झाकणातून: ४१. त्या बंगल्यासमोरच्या झाकणातून: ४४.

मग प्लॉट घ्यायला आलेला माणूस एजंटाला विचारण्याआधी भिंत वाचेल. आणि आयर्विन चाळीसला टेकल्याची बातमी आली की भिंतीवर ४१ असलेल्या गल्लीतली बाई कुणाच्या भोंग्याची वाट न बघता धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेईल.